वहीत काय लिहायचं, माळ्यावर काय ठेवायचं

दिवाळीच्या आवराआवरीत माळे रिकामे झाले आणि आमच्या टेबलावर पत्रांचा गठ्ठा वाढला. बहुतेकांचा सूर एकच आहे: साधं राहायचंय, आहे त्यात समाधान मानायचंय, पण नेमकं करायचं काय? काही पत्रं पाच-पाच पानी होती. त्यातला प्रश्न तेवढा ठेवून बाकीचं आखडलं आहे, रागावू नये.

प्रश्न : गुढीपाडव्यापासून मी रोज रात्री ‘कृतज्ञतेची वही’ लिहिते. पहिले पंधरा दिवस छान वाटलं. आता रोज तेच: घर, नवरा, मुलं, तब्येत. लिहिताना जांभया येतात. वही बंद करू का? (वाचक, कोथरूड)

वही बंद करू नका, रोज लिहिणं बंद करा. आठवड्यातून एकदा पुरे.

हे आमच्या पदरचं नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी या वहीवरचा गाजलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या भागात लोकांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदाच, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या. एका गटानं आभार वाटावेत अशा, दुसऱ्यानं कटकटीच्या, तिसऱ्यानं नुसत्या घडलेल्या. पहिल्या गटाला आपलं एकंदर बरं चाललंय असं इतरांपेक्षा जास्त वाटलं. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी सहा आठवडे पाहिलं, तर एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला आणि आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांना दिसला नाही. रोज श्रीखंड वाढलं तर चौथ्या दिवशी ताटातली कोशिंबीर बरी वाटते, त्यातलाच प्रकार.

दुसरी चूक मोठी आहे. ‘घर, नवरा, मुलं, तब्येत’ ही यादी आहे, आणि याद्या वाण्याला द्यायच्या असतात. मन हलतं ते नेमक्या प्रसंगानं. रविवारी सकाळी पंधरा मिनिटं काढा. तीनच नोंदी करा. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी आल्या पाहिजेत: कुणी, नेमकं काय केलं, आणि त्याला त्यासाठी काय सोडावं लागलं. उदाहरणार्थ, ‘शेजारी चांगले आहेत’ असं नाही. ‘मंगळवारी लिफ्ट बंद होती, तेव्हा वॉचमनकाकांनी सिलिंडर तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवून दिला. हातातला चहा अर्धा ठेवून आले होते’ असं. त्या अर्ध्या चहापाशी तुमची जांभई थांबेल. तो अर्धा चहा आठवत नसेल, तर ती नोंद लिहू नका, दुसरी शोधा.

आठवडाभर काही सुचलं नाही तर वजा करून बघा. समजा, समोरची पिठाची गिरणी बंद पडली. पीठ कुठून आणाल, किती वेळ जाईल, पोळ्या कशा होतील? असं उलटं लिहिलं की रोजची गोष्ट पुन्हा दिसायला लागते.

एक पथ्य. ‘त्या बिचाऱ्यांपेक्षा आपलं किती बरं’ या चालीवर लिहू नका. ती कृतज्ञता नव्हे, शेजाऱ्याच्या घरात डोकावणं आहे, आणि पुढच्या महिन्यात वरच्या मजल्यावर नवी गाडी आली की तीच सवय उलटी फिरते.

एकाच माणसाचं फार देणं लागतो असं वाटत असेल तर वही सोडा आणि त्या माणसाला पत्र लिहा. साधारण एक पानाचं, नेमक्या प्रसंगांचं, आणि स्वतः जाऊन वाचून दाखवा. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांच्या गटानं २००५ मध्ये आनंद वाढवण्याचे जे उपाय तपासले, त्यांत लगेचचा परिणाम याचाच सर्वांत मोठा होता. तो काही महिन्यांत ओसरला, हेही त्यांनीच नोंदवलं. म्हणजे वर्षाकाठी एखादं पत्र लिहायला हरकत नाही.

आणखी एक. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर वहीनं भागणार नाही. उलट ‘एवढं सगळं असून मी अशी का’ म्हणून अपराधी वाटायला लागतं. डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा.

प्रश्न : आमच्या घरी कुणी कुणाचे आभार मानत नाही. मी मुलांना ‘थँक्यू’ म्हणायला शिकवलं, तर सासूबाई म्हणाल्या, “घरात कसलं थँक्यू, आपण काय हॉटेलात बसलोय?” कोण बरोबर? (वाचक, सिंहगड रस्ता)

सासूबाई, बऱ्याच अंशी. ‘मी आपला आभारी आहे’ हे मराठीत मंचावरचं वाक्य आहे. सभेत आभारप्रदर्शन सुरू झालं की खुर्च्या का वाजायला लागतात, ते एकदा आठवून बघा.

पण म्हणून आपण घरात मुके आहोत असंही नाही. घरातल्या मराठीत आभार दुसऱ्या वाटेनं येतात: ‘बरं झालं तू होतीस’, ‘किती दगदग केलीस’, ‘हात भरून आले असतील, ठेव आता’, ‘जीव वाचवलास बघ’. जेवून उठताना ‘अन्नदाता सुखी भव’. या प्रत्येकात समोरच्याचे कष्ट दिसल्याची पावती आहे, ती नुसत्या ‘थँक्यू’त नसते. मुलांना तीच द्यायला शिकवा. शब्दांची बांधणी सोपी आहे: तू अमुक केलंस, म्हणून माझं तमुक झालं. ‘आजी, तू डबा आधी भरून ठेवलास म्हणून मला सातची बस मिळाली.’ आठ वर्षांच्या मुलालाही हे जमतं, आणि आजीला ते हॉटेलातलं वाटत नाही.

वाक्य ‘पण’च्या आधी थांबवा. ‘आमटी छान झालीये, पण मीठ जरा…’ यात आजीपर्यंत पोचतं ते मीठच. ‘वाईट नाही’ ही ज्या शहरात वरच्या दर्जाची दाद समजली जाते, तिथे हे पथ्य जड जाईल याची कल्पना आहे.

आपल्याकडे आभार शब्दांपेक्षा कृतीत जास्त आहेत, हेही मुलांना दाखवा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलाचे खांदे शेकतात, तूप-हळद किंवा तेल लावून चोळतात, आणि पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. जिथे दुखलं तिथेच हात लावायचा आणि त्या कामातून सुटी द्यायची. खंडेनवमीला भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत यंत्रं पुसून, तेलपाणी करून त्यांना हार घालतात, तेही त्यातलंच. तुमच्या घरी पोळ्या लाटणाऱ्या हाताला आठवड्यातून एक संध्याकाळ लाटणं बंद, एवढं ठरवा. सासूबाईंना थँक्यूपेक्षा ते पटेल.

प्रश्न : माळ्यावर सासूबाईंची पितळेची पातेली, तपेली, घंगाळ, तांब्याचे दोन हंडे आहेत. नॉनस्टिक टाकून हीच वापरावी असं मनात आहे. पण एकदा पातेल्यात केलेली आमटी कळकली आणि सगळी ओतून द्यावी लागली. भंगारात देऊ का? (वाचक, बिबवेवाडी)

मुळीच नको. चूक पातेल्याची नव्हती, त्याची कल्हई उडाली होती.

चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक यांतलं आम्ल उघड्या तांब्या-पितळेला लागलं की धातू अन्नात उतरतो. चव कडवट-तुरट होते आणि पोटात गेलं तर मळमळ, उलट्या होतात. त्यालाच आपण कळकणं म्हणतो. मध्ये कथिलाचा पातळ थर असला की हे होत नाही. तो थर म्हणजे कल्हई.

आधी वर्गवारी करा. घंगाळात नुसतं पाणी, त्याला कल्हई नको. तांब्याचे हंडे पिण्याच्या पाण्यापुरते ठेवले तर त्यांनाही नको, फक्त त्यात लिंबू-ताक कधी नाही. पातेली आणि तपेली, ज्यांत शिजतं, त्यांना हवीच.

भांडी देण्यापूर्वी उजेडात बघा. तळ चिरलेला, कान हललेला, जुना डाग दिलेला (धातू वितळवून सांधलेला) असेल तर कल्हईवाल्याला आधी सांगा. डागाचा धातू कमी उष्णतेवर वितळतो, त्यामुळे भट्टीवर कान हातात यायचा. कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून मठारकामाची ठकठक ऐकू येते. दुरुस्ती आणि कल्हई कुठे होते ते तिथे विचारा. शक्य असेल तर समोर उभं राहून करून घ्या.

काय बघायचं ते सांगतो. कारागीर भांडं आतून आम्लानं किंवा वाळू-चिंचेनं घासून लख्ख करतो. मग भट्टीवर फिरवत सारखं तापवतो. तापल्यावर आत नवसागराची चिमूट टाकतो, त्यासरशी पांढरा धूर आणि नाक झोंबणारा वास येतो. नवसागर तापून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात आणि दुसरा वायू धातूवरचा उरलासुरला गंज काढून टाकतो. गंज राहिला तर कथील तिथे धरत नाही, थेंब थेंब होऊन घरंगळतं. लगेच कथिलाची कांडी आत टेकवली की ती वितळते आणि कापसाच्या बोळ्यानं एका दमात गोल फिरवली जाते. बघता बघता पिवळं पातेलं चांदीसारखं होतं. मग गार पाण्यात बुडवतात. हे सगळं काही मिनिटांचं काम आहे. धुराच्या वाऱ्याला उभे राहू नका आणि मुलांना लांब ठेवा.

आता मुख्य गोष्ट: कथील शुद्ध हवं. शिसं मिसळलेलं स्वस्त पडतं, लवकर वितळतं, आणि तेच घातक. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत वापरतात त्या जुन्या पद्धतीच्या सोल्डरच्या तारेत शिसं असतं. ती जेवणाच्या भांड्याला लावू द्यायची नाही. एक खूण आहे. शुद्ध कथिलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की आतून बारीक करकर ऐकू येते. शिसं मिसळलं की हा आवाज दबतो. ही काही प्रयोगशाळेची तपासणी नव्हे, पण कांडी वाकवून दाखवा म्हटल्यावर कारागीर खुशीत येतो की कावराबावरा होतो, त्यावरूनही पुष्कळ कळतं.

घरी आणल्यावर पहिल्यांदा पाणी उकळून ओतून द्या. पुढे कल्हई टिकवायची तर रिकामं पातेलं गॅसवर ठेवायचं नाही. कथील २३२ अंशांना वितळतं आणि मोठ्या आचेवर कोरडं भांडं तिथे झटकन पोचतं. आधी तेल किंवा पाणी, मग आच. कोरडं भाजणं, रवा, शेंगदाणे, पापड हे सगळं लोखंडी तव्यावर. तारेची घासणी आतून लावू नका, काथ्या किंवा मऊ स्पंज पुरे. करपलं तर पाणी घालून रात्रभर भिजत ठेवा. चिंच-मीठ बाहेरून चोळा, आतून नाही. आत पिवळा किंवा तांबूस ठिपका दिसला की पुन्हा कल्हई करायची, रोजच्या वापरात साधारण सहा महिने ते वर्षानं. तोवर त्यात वरण-भात शिजवा, आंबट नको.

सगळीच भांडी खाली उतरवू नका. चार माणसांच्या घराला दोन पातेली आणि एक तपेलं पुष्कळ झालं. बाकीची ज्यांच्याकडे खरंच वापरली जातील अशा नातलगांना आत्ताच द्या, तुमच्या हातानं, कल्हई करून. भंगारात पितळ जातं ते वजनावर, त्यावरचं नाव-साल कुणी वाचत नाही.

प्रश्न : कपाटात आईच्या पंधरा-वीस सुती साड्या आहेत. नेसवत नाहीत, टाकवत नाहीत. (वाचक, हडपसर)

चार साड्यांची एक गोधडी होते. हिशेब असा: पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडी कमी रुंद. फॉल उसवा, खळ असेल तर गरम पाण्यात भिजवून काढा, वाळवा. दीड-दीड मीटरचे तीन तुकडे करा, वर मीटरभर उरेल. दोन तुकडे लांबीच्या काठाला काठ लावून जोडले की साधारण दीड बाय सव्वादोन मीटरचा एक थर झाला. चार साड्यांचे बारा तुकडे, म्हणजे सहा थर. पुण्याच्या थंडीला एवढे बस झाले. उरलेल्या मीटर-मीटरच्या पट्ट्या कडेच्या गोटाला आणि ठिगळांना लागतात. सगळ्यांत विरलेल्या साड्या आत, धडक्या दोन बाजूंना.

गोधडी बिघडते ती दोन कारणांनी. एक, सुतीत सिंथेटिक मिसळणं. सुती आटते, दुसरी आटत नाही, पहिल्याच धुण्यात सुरकुत्या पडतात. दोन, कच्चे टाके न घालता एका कडेनं शिवत जाणं. थर सरकतात आणि शेवटी झोळ येतो. सतरंजीवर थर पसरून मध्यापासून कोपऱ्यांकडे हात फिरवत कच्चे टाके घाला, मग कडेनं धावदोरा सुरू करून आत आत या. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. दोरा जाड सुती, लांबी हातभरच, नाहीतर गुंता होतो. शिवायला वेळ नसेल तर मजुरीवर शिवून देणाऱ्या बायका आहेत. साड्या देताना कुठली वरच्या बाजूला हवी ते खूण करून द्या. तयार गोधडी यंत्रात घालू नका. भिजल्यावर ती इतकी जड होते की पिळताना टाके तुटतात.

उरलेल्यांचं बोला. नेसण्याजोग्या असतील तर ज्यांना नेसायच्या आहेत त्यांना विचारून द्या. बोहारीण सुती जुनेरं फारशी घेत नाही, तिला पँट, शर्ट, धडके कपडे हवेत. जरीकाठाची साडी मात्र स्टीलच्या डब्यावर घालवू नका, आधी जुनी जर विकत घेणाऱ्याला दाखवा. आईची एक साडी जशीच्या तशी ठेवायला काहीच हरकत नाही. मलमलीत गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको, आणि वर्षातून दोनदा घडी बदला. तीच घडी राहिली की तिथेच विरते.

प्रश्न : साधेपणा म्हणून घरातला आरओ काढून टाकावा का? (वाचक, कर्वेनगर)

साधेपणा म्हणून नको, मोजून काढा. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, काही शे रुपयांत मिळतो, किंवा सोसायटीत एक आणून सगळ्यांनी वापरा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. खडकवासल्याचं पाणी मऊ असतं, त्याला आरओची गरज नाही. गाळणी आणि यूव्ही पुरे, नाहीतर उकळा. आरओ लिटरभर पाणी देताना त्याहून जास्त पाणी बाहेर टाकतो. पण तुमच्या सोसायटीच्या टाकीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर आकडा बदलतो, म्हणून एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात मोजा. मीटर फक्त क्षार दाखवतो, जंतू नाही. जुलैत पाणी गढूळ आलं तर आकडा कमी असला तरी उकळायचंच. आरओ ठेवावा लागलाच, तर बाहेर पडणारं पाणी फरशीला आणि संडासात वापरा. कुंड्यांना रोज घालू नका, क्षार मातीत साचतात आणि पानांच्या कडा करपतात.

प्रश्न : आमच्याकडे चौदा वर्षं धुण्या-भांड्याला येणाऱ्या मावशी आहेत. त्यांच्याबद्दल फार कृतज्ञता वाटते. दिवाळीला साडी देतो, उरलेलं जेवण रोज देतो. आणखी काय करता येईल? (वाचक, औंध)

आणखी करण्याआधी थोडं कमी करा: उरलेलं देणं थांबवा. आपण जे खाणार नाही ते देणं म्हणजे डबा रिकामा करणं. द्यायचंच तर ताजं, त्याच दिवशीचं, आपल्या आधी काढून ठेवलेलं, आणि ‘नको’ म्हणायची मोकळीक देऊन. त्यांचा चहाचा कप वेगळा असेल तर तोही बंद करा, बसायला खुर्ची द्या.

मग पैशाचं. पगार ठरलेल्या तारखेला, मागायला न लावता. वर्षाला वाढ, तीही मागण्याआधी. आठवड्याची सुटी ठरलेली. आजारपणाचे दिवस कापायचे नाहीत, आणि तुम्ही गावाला गेलात म्हणून त्यांचा पगार बुडवायचा नाही. नोकरीतल्या माणसाला हे सगळं आपण हक्क म्हणून मागतो. दिवाळीला साडीऐवजी किंवा साडीसोबत एक महिन्याचा पगार द्या. साडीचा रंग आपण निवडतो, पैशाचा उपयोग त्या निवडतात.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे. मावशींची नोंदणी झाली आहे का, विचारा. नसेल तर कामगार विभागाच्या कार्यालयात चौकशी करून, कागदपत्रांच्या प्रती काढून, एक दिवस सोबत जा. रांगेत जाणारा तो एक दिवस तुमच्या चौदा वर्षांच्या हिशेबात फार नाही.

याच ओघात कचऱ्याचंही. ओला-सुका वेगळा करणं हे उपकार नव्हेत, ते आपलं कामच आहे. ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आणि ‘स्वच्छ’ ही त्यांचीच सहकारी संस्था २००८ पासून या शहरात काम करते आहे. त्यांचं मागणं साधं आहे: सॅनिटरी नॅपकिन, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा. फुटकी काचही जाड कागदात बांधा आणि वर ‘काच’ लिहा. हात कापला जातो तो अशाच न सांगितलेल्या पिशवीत.

प्रश्न : अन्न वाया जाऊ नये म्हणून आम्ही शिळं खातो. डॉक्टर रागावतात. (वाचक, सदाशिव पेठ)

दोघांचंही खरं आहे, पोळी आणि भात यांना एकच नियम लावू नका.

पोळी सोपी. कालच्या चार पोळ्या हातानं चुरा. मिक्सरमध्ये पीठ होतं आणि मग गोळा बसतो. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, हिंग, मूठभर दाणे, कढीपत्ता, दोन मिरच्या, एक मोठा कांदा परता, हळद घाला, चुरा घाला, मीठ आणि चिमूटभर साखर. आता पाण्याचा एकच हबका मारून झाकण ठेवा आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटं वाफ येऊ द्या. हबका विसरला तर वातड, दोनदा मारला तर लगदा. वरून लिंबू, कोथिंबीर.

भाताला घड्याळ लावा. तांदळात एका जातीच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवण्यातूनही तगतात. भात कोमट राहिला की वाढतात आणि त्यांचं एक विष असं आहे की पुन्हा तापवूनही जात नाही. म्हणून रात्री कुकरमध्ये ठेवून सकाळी फोडणी देणं धोक्याचं. जेवणं झाली की भात ताटात पसरून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफा येईपर्यंत तापवा. त्यानंतर उरला तर टाका, हळहळू नका. आणि मुळात आठवडाभर रोज किती भात उरतो ते फ्रिजच्या दारावर लिहा. आठवडा संपता संपता तांदळाचं माप आपोआप उतरेल.

प्रश्न : सासरे रिकाम्या बरण्या, दुधाच्या पिशव्या, रबरं, चार्जर, किल्ल्या काहीच टाकू देत नाहीत. हा साधेपणा की चिकटपणा? (वाचक, वारजे)

दोन्ही नाही, हा टंचाईत वाढलेल्या माणसाचा हिशेब आहे, तेव्हा वाद घालू नका. मर्यादा वस्तूंना न घालता जागेला घाला. पिशव्यांना एक खुंटी, रबरांना एक डबी, बरण्यांना एक फळी. जागा भरली की नवं आलं तर जुनं कुठलं जाणार, हे त्यांनीच ठरवायचं. बहुतेक वेळा तेच खुशीनं ठरवतात, कारण निवड त्यांची असते.

बरण्या सहा ठेवा, झाकणं घट्ट बसणाऱ्या. लोणच्याच्या बरणीचा वास झाकणाच्या आतल्या चकतीत असतो, ती उन्हात ठेवा. जाणार नसेल तर त्या बरणीत खिळे. चार्जर फोनला लावून बघा. जे कुठेच लागत नाहीत ते, आणि विशेषतः फुगलेल्या बॅटऱ्या, ई-कचरा म्हणून वेगळ्या द्या. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, कोपरा न उडवता एका चिरेनं कापल्या की भंगारवाला घेतो. उडवलेला कोपरा गटारात जातो. जुनी हत्यारं, नळाच्या तोट्या, बिजागऱ्या यांना बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गिऱ्हाईक असतं. सासऱ्यांनाच घेऊन जा. मात्र परत येताना पिशवी तपासा, नेल्यापेक्षा जास्त सामान घरी येण्याचा संभव आहे.

किल्ल्यांचं एवढंच: घरातली सगळी कुलपं एका दुपारी लावून बघा, ज्या लागल्या त्यांना चिठ्ठी बांधा, आणि ज्या कशालाच लागल्या नाहीत त्या बरणीत घालून वर आजची तारीख टाका.